पाचवा टप्पा

कोयना प्रकल्पाचे टप्पे चार. पहिला आणि दुसरा पोफळीला, तिसरा अलोऱ्याला, चौथा एकटाच हजार मेगावॅटचा. धरणाच्या पायथ्याचं छोटं वीजघर धरून सगळे मिळून १९६० मेगावॅट. हा हिशेब आमच्या कॉलनीतल्या पोरांना सतराच्या पाढ्याआधी येतो. पाचवा टप्पा मात्र कुठल्या बोगद्यात नाही. तो बाजारात झेरॉक्सच्या दुकानात बसतो, सातबाऱ्याच्या प्रती काढून देतो, स्कॉलरशिपचे फॉर्म भरतो आणि पासपोर्ट साइज फोटो काढतो. त्याला खरं नाव आहे, रेशनकार्डावरही आहे. पण बारशाच्या पेढ्यांचा खर्च पाण्यात गेला. गावानं त्याला 'टप्पा' केलं ते केलंच.

२०१९ साली पु. ल. देशपांड्यांची जन्मशताब्दी होती. ८ नोव्हेंबरला. त्या वर्षी आषाढात हा माझ्याकडं आला, छत्री बाहेर झटकली, आत येऊन पुन्हा एकदा झटकली आणि म्हणाला, "नाना, 'व्यक्ती आणि वल्ली' आख्खं काढायचं ठरवलंय."

"काढ की. पानाला दोन रुपये घेतोस ना?"

"झेरॉक्स नव्हं हो नाना! चित्र. सगळी माणसं एका चित्रात. नारायण, हरितात्या, गटणे, चितळे मास्तर, अंतू बर्वा, पेस्तनकाका, ते चौकोनी कुटुंबसुद्धा. सगळी कोयनेच्या धरणावर उभी. मागं शिवसागर, वर आषाढाचं आभाळ, आणि नारायण मधोमध लग्नाची धावपळ करतोय."

"लग्न कुणाचं?"

"ते अजून ठरलं न्हाई."

ते शेवटपर्यंत ठरलं नाही. आपल्याला आवडलेल्या पुस्तकातली, सिनेमातली माणसं चाहत्यानं आपल्या हातानं रंगवायची, याला फॅन आर्ट म्हणतात, अशी माहिती त्यानं मला दिली. मी म्हटलं, त्यात नवीन ते काय. आपल्याच जिल्ह्यात औंधला पंतप्रतिनिधींनी राजेपण सांभाळून रामायण रंगवलं होतं. रामाचा चाहताच तो, फक्त संस्थान असलेला. टप्प्यानं हे वाक्य डायरीत लिहून घेतलं. त्याची डायरी म्हणजे एका खतकंपनीची २०१४ सालची होती. त्या चित्राचं निम्मं काम त्या डायरीतच झालं, आणि ते निम्मं फार चांगलं झालं होतं.

चित्र कागदावर का नाही, असं कुणी विचारलं तर तो माणूस कोयनानगरचा नव्हे असं समजावं. इथं वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस. जूनमध्ये दोरीवर टाकलेला टॉवेल नवरात्रात आत येतो. टप्प्यानं शाळेत असताना जलरंगात एक निसर्गचित्र केलं होतं. त्यावर श्रावणात बुरशी आली, आणि परीक्षक म्हणाले की झाडी फार जिवंत उतरली आहे. बक्षीसही मिळालं. तेव्हापासून त्याचा कागदावरचा विश्वास उडाला तो उडालाच. त्यानं हप्त्यावर पेन-टॅबलेट घेतला, क्रिता नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत, लॅमिनेशन मशीनशेजारी, बसकण मारली.

पुण्याला ॲनिमेशन शिकणारी त्याची एक पुतणी आहे. तिनं फोनवरून बजावलं, "काका, पहिलं चित्र लहान कर. पोस्टकार्डाएवढं." टप्प्याचा अपमान झाला. ज्या माणसाचे वडील प्रकल्पात नोकरीला होते, ज्यांनी १३ मार्च १९९९ ला तलावाच्या तळाखालून बोगदा नेऊन शेवटचा खडक सुरुंगानं उडवल्याचं लेक टॅपिंग जवळून पाहिलं होतं, त्या माणसाच्या मुलानं पोस्टकार्ड रंगवायचं? त्यानं ए-झिरो आकार घेतला, इंचाला तीनशे ठिपके. म्हणजे आडवे १४,०४३ आणि उभे ९,९३३. गुणाकार केला तर चौदा कोटींना थोडेसेच कमी. एवढ्या आकाराचा एक लेयर उघडला की संगणकाची साडेपाचशे एमबी जागा खातो. टप्प्याच्या संगणकाला रॅम आठ जीबी. लेयर म्हणजे काय, तर काचेवर काच ठेवावी तसं. खालच्या काचेवर आभाळ, वरच्या काचेवर धरण, त्याच्या वर माणसं. टप्प्यानं नारायणाच्या धोतराला एक, कोटाला एक, टोपीला एक आणि "घामाला येगळा" असे लेयर केले. नारायणाचा घाम उघडला की संगणक बंद पडायचा. तेवढ्यात कुणीतरी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दारात उभं असायचं. "सर्व्हर डाऊन हाय," टप्पा आतून ओरडायचा. सगळ्या तालुक्याला ते पटायचं.

आमच्या गावात पावसाळ्यात एकच विषय असतो: आज किती टीएमसी? धरणाची क्षमता १०५ टीएमसी. चहाच्या गाड्यावर, एसटीत, मयतीला गेलं तरी पहिला प्रश्न हाच. तेव्हा चित्राची चौकशीही त्याच मापानं सुरू झाली.

"काय टप्पा, किती टीएमसी झालं चित्र?"

"बासष्ट."

"आवक कशी हाय?"

"मंदावलीय. अंतू बर्व्याचं नाक बसंना झालंय."

"दरवाजे कधी उचलणार?"

दरवाजे ८ नोव्हेंबर २०१९ ला उचलायचे होते. ते राहिलं. मग विसावी पुण्यतिथी धरली, १२ जून २०२०. तेव्हा सगळं जग घरात बसलं होतं आणि टप्प्याला वेळच वेळ होता. त्या काळात चित्र बासष्टवरून अठ्ठेचाळीसवर आलं, कारण त्यानं आभाळ पुसून पुन्हा सुरू केलं. पुस्तक १९६२ चं, तेव्हा २०२२ ला साठ वर्षं होतात, हा मुहूर्त मीच काढून दिला. तोही कोरडा गेला. धरण १९६४ ला पुरं झालं, त्याला आठ वर्षं लागली होती; एवढंच एक सांत्वन टप्प्याच्या हाताशी उरलं. "धरणाला आठ, मला अजून सहासुद्धा झाली न्हाईत," तो म्हणायचा. धरणावर माणसं किती होती हे त्याला कुणी विचारत नसे. आमच्याकडं अजून थोडी माणुसकी शिल्लक आहे.

पहिला मोठा पेच धरणानंच टाकला. भिंतीची लांबी ८०७ मीटर. टप्पा भावनेनं कवी असला तरी प्रकल्पातल्या माणसाचा मुलगा. त्यानं कॅल्क्युलेटर काढला. आख्खं धरण चित्राच्या रुंदीत बसवलं तर एका मीटरला सतरा ठिपके येतात आणि उभा चितळे मास्तर होतो तीस ठिपक्यांचा. तीस ठिपक्यांत मास्तरांच्या झिजलेल्या वहाणा कशा दाखवायच्या? आणि वहाणा नसतील तर ते चितळे मास्तर कसले? म्हणून त्यानं माणसं मोठी केली. माणसं ओळखू येऊ लागली, पण त्यांच्यापुढं कोयनेचं धरण ओढ्यावरच्या बंधाऱ्यासारखं दिसू लागलं. हे त्याच्या वडिलांनी एकदाच पाहिलं. एकशे तीन मीटर उंचीच्या भिंतीवर आयुष्य घालवलेला तो माणूस चष्मा पुसत म्हणाला, "ह्याच्यावरून गुरं उडी मारून जातील की रं." आणि जेवायला गेला. महिनाभर घरात कुणी धरणाचा विषय काढला नाही.

दुसरा पेच कोटाचा. पासपोर्ट फोटोवाल्याच्या संगणकात एक तयार कोट असतो. शर्टातल्या माणसाच्या गळ्याखाली तो चिकटवला की माणूस नोकरीला लायक दिसतो. कोयनानगर, हेळवाक, रासाटी, नवजा या परिसरातल्या निम्म्या उमेदवारांनी तोच निळसर कोट घालून अर्ज केले आहेत. टप्प्याचा हात त्या कोटावर इतका बसलेला की त्याच्या नकळत नारायणाला तो कोट आला, गटण्याला आला, आणि एका रात्री बघतो तर अंतू बर्वाही त्याच कोटात, मुलाखतीला निघाल्यासारखा.

मी म्हटलं, "अरे, तिघांना एकच कोट?"

तो जराही डगमगला नाही. "नाना, कपडे कुणाकडं होते धुवायला? नामू परटाकडं! नामू कुणाचे कपडे कुणाच्या अंगावर घालील, भरवसा हाय का?"

मी गप्प बसलो. एवढ्या वर्षांत मी त्याच्यापुढं हरलो तो त्या एकाच दिवशी.

हात तर कुणालाच येत नाहीत. चेहरा जमतो, हात जमत नाही; पाच बोटं काढायला गेलं की केळ्याचा घड होतो. टप्पा त्यासाठी एसटी बदलत बदलत औंधच्या संग्रहालयात जाऊन आला. तिथं राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, अस्सल. हा तास-दीड तास फक्त हात बघत उभा होता. परत आला तो पार कोमेजून. "नाना, त्या बायकांचे हात बघितले की आपण फक्त फॉर्म भरावेत असं वाटतं." दुसऱ्या दिवसापासून त्याच्या चित्रातल्या माणसांचे हात मागं जाऊ लागले. हरितात्या हात मागं बांधून. पेस्तनकाका हात मागं बांधून. भय्या नागपूरकर, बापू काणे, सगळे हात मागं बांधून ओळीनं उभे. लग्नाचं चित्र दिसेना. प्रकल्पाच्या चौकशी समितीपुढं उभे केल्यासारखी मंडळी दिसत होती. नारायणाला मात्र हात मागं बांधून चालेना, सगळं कार्य त्याच्या एकट्याच्या अंगावर. त्याच्या दोन्ही हातांत टप्प्यानं अक्षतांची ताटं दिली, वरून रुमाल टाकले. बोटं रुमालाखाली.

एका रात्री मी सहज डोकावलो तर पडद्यावर नुसता तपकिरी रंग. "हे काय?"

"गटण्याचं पुस्तक."

"कुठाय?"

"हे काय. पुस्तकाची शिवण हाय ही. आठशे टक्क्यांवर आलोय." पुस्तकाच्या शिवणीतला दोरा तो सात दिवस रंगवत होता. दोऱ्याला पीळ, पिळावर उजेड, उजेडात तंतू. मग त्यानं मोठ्या अभिमानानं चित्र लहान करून पूर्ण पडद्यात आणलं. दोरा गेला. पुस्तक गेलं. गटण्याच्या काखेत एक तपकिरी ठिपका उरला, घामाचा डाग वाटावा असा. टप्पा बराच वेळ पडद्याकडं बघत राहिला, आणि मग म्हणाला, "पण मला म्हाईत हाय ना, दोरा हाय तिथं." आता यावर काय बोलणार? देवळाच्या शिखरामागची, कुणाला न दिसणारी नक्षी करणाऱ्या पाथरवटांच्या जातीचा हा माणूस. फक्त त्या पाथरवटांचं देऊळ पुरं होत असे.

पुतणीनं सांगितलेला आणखी एक उपाय त्यानं मनावर घेतला: चित्र मधूनमधून आरशातल्यासारखं उलटं करून बघायचं. सवयीनं न दिसणारे दोष त्यात दिसतात. उलटं केल्यावर कळलं की सगळ्या वल्ली डावीकडं कललेल्या आहेत, पश्चिमेचा वारा लागलेल्या उसासारख्या. त्यानं त्या सरळ केल्या. पण उलटं करायचं बटण बोटाला इतकं सवयीचं झालं की गिऱ्हाइकांचे फोटोही उलटे होऊ लागले. एका उमेदवाराच्या उजव्या गालावरचा तीळ डाव्या गालावर गेला आणि तो निवडून आला. त्यानं टप्प्याला पेढे दिले. काळ्या-पांढऱ्यात बघून उजेड-अंधार तपासायचा, हा तिसरा उपाय मात्र टप्प्याला शिकावाच लागला नाही. जून ते सप्टेंबर कोयनानगरात रंग असतोच कुठं? करड्याच्या चाळीस छटा आम्हाला जन्मतः कळतात. नेहरू उद्यानातल्या जास्वंदीसुद्धा त्या दिवसांत करड्या फुलतात.

आता रेघेची गोष्ट. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप ज्यांनी पाहिला त्यांच्यासमोर त्या विषयावर हसू नये. झोपेतल्या माणसांवर घरं पडली होती, पावणेदोनशेच्या वर जीव गेले. पण त्यानंतरच्या पिढ्यांना लहानसहान धक्क्यांची सवय झाली आहे. मांडणीतली भांडी वाजतात, बाई गॅस बंद करते, थोडं थांबते, पुन्हा पेटवते. टप्प्यानं या सवयीचा गैरफायदा घेतला. धरणाची कड वाकडी का, तर धक्का बसला. पेस्तनकाकांचा कान खाली का, तर धक्का बसला. आमच्या शेजारी भूकंपमापन केंद्रातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे रिश्टरकाका म्हणतात. ते आले, चित्र पाहिलं आणि विचारलं, "ही रेघ कधी मारलीस?"

"परवा रात्री. साडेनऊच्या सुमाराला."

रिश्टरकाकांनी फोन लावला. जुन्या सहकाऱ्याशी दोन मिनिटं बोलले. फोन ठेवून म्हणाले, "परवा रात्री काही नोंद नाही. रेघ तुझीच आहे."

वाचनालयातल्या बाईंनी दिलेला धक्का मात्र मोठा होता, आणि त्याची नोंद झाली. रावसाहेबांना टप्प्यानं तीन महिने दिले होते. बेळगावच्या त्या दिलदार माणसाचं हसू, हातातली काठी, जमिनीवर पडलेली ऐसपैस सावली. सगळ्या चित्रात रावसाहेबांचा कोट तेवढा स्वतःचा होता. बाई आल्या, पदरानं चष्मा पुसून पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "रावसाहेब 'गणगोत'मध्ये आहेत रे बाळा. 'व्यक्ती आणि वल्ली'त नाहीत."

दुकानात शांतता पसरली. झेरॉक्स मशीनचा पंखा तेवढा फिरत होता. प्रत्येक लेयरच्या शेजारी डोळ्याचं छोटं चिन्ह असतं. त्यावर बोट ठेवलं की डोळा मिटतो आणि तो लेयर दिसेनासा होतो. टप्प्यानं थरथरत्या हातानं रावसाहेबांचा डोळा मिटला. पुढं दोन दिवस त्यानं दुकान उघडलं नाही. सावली वेगळ्या लेयरवर होती हे त्याच्या दुःखात लक्षातच आलं नाही, त्यामुळं धरणावर माणूस नसलेली एक भरदार सावली तशीच पडून राहिली. कुणी विचारलं तर तो सांगायचा, ती 'तो'ची. पुस्तकात 'तो' नावाचं प्रकरण आहे खरंच. नामू परटाच्या जोडीला हा आणखी एक खुलासा सापडला.

इथवरची दुखणी सगळी उपचाराची होती. ज्याला उपचार नाही असं दुखणं नारायणानं लावलं.

पुस्तकात माणूस शब्दांचा असतो. बाकीचं आपण आपल्या घरातलं घालतो. ज्यानं ज्या मांडवात ज्याला राबताना पाहिलं, त्याचा नारायण तसा. टप्प्यानं एक नारायण काढला, मध्यम बांध्याचा, काळी टोपी, कपाळावर घाम, घामाला वेगळा लेयर. दुकानात येणारा प्रत्येक माणूस सातबारा घ्यायचा आणि जाता जाता नारायणावर शेरा मारून जायचा.

चहावाला म्हणाला, "ह्यो नारायण? ह्येचं पोट कुठाय? मांडवात खाऊन खाऊन सुटलेलं असतं."

रिश्टरकाका म्हणाले, "नारायण काटकुळा. धावणारा माणूस जाड कसा असेल?"

बाईंना नारायण सावळा हवा होता. एका कंडक्टरला त्याच्या खांद्याला पिशवी हवी होती, कारण नारायण म्हणजे आमचे चुलते आणि त्यांच्या खांद्याला पिशवी असे. पोफळीहून आलेल्या एका ऑपरेटरचं म्हणणं की सगळं ठीक आहे, पण अंतू बर्व्याच्या पाठीमागं तू विजेचा खांब काढलायस. अंतूशेटना विजेचं कधी कौतुक नव्हतं, कोयनेच्या धरणावर ते येतीलच कशाला? हा प्रश्न बिनतोड होता. टप्प्यानं अंतू बर्व्याची मान धरणाकडून दुसरीकडं वळवली. आता ते नाराज दिसू लागले. एवढी एकच गोष्ट सगळ्यांना पसंत पडली.

टप्पा भला माणूस. तो प्रत्येकाचं ऐकायचा. सकाळी नारायणाला पोट यायचं, दुपारी उतरायचं. एका आठवड्यात त्यानं नारायणाला तीन वेळा दाढी केली. मूळ नारायण कसा होता हे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात राहिलं नाही. आणि सगळ्यांवर कडी केली घरातल्या माणसानं. त्याची बायको सहा वर्षांत त्या खोलीत फक्त चहा ठेवायला आली होती. तिला त्या चित्रानं काय काय खाल्लं याचा हिशेब पाठ होता: टॅबलेटचा हप्ता, दोन दिवाळ्या, माहेरचं एक लग्न. एके दिवशी तिनं कप ठेवता ठेवता पडद्याकडं नजर टाकली.

"हा कोण?"

"नारायण."

"हा नव्हे नारायण." ती इतक्या खात्रीनं बोलली की टप्प्यानं पेन खाली ठेवलं. "नारायण म्हणजे आमचे मामा. माझ्या लग्नात तुम्हाला घोड्यावरून पडताना कुणी धरलं? मामांनी. सगळ्यांच्या पंगती झाल्यावर रात्री बाराला बुंदीच्या पातेल्यात बसून जेवले ते. धोतराला हळद लागलेली." मग कपाकडं बघत म्हणाली, "फोटोत कुठंच नाहीत बघा. सगळ्या अल्बममध्ये शोधलं. फोटो काढताना ते मागं खुर्च्या उचलत होते." मामा जाऊन चार वर्षं झाली होती.

टप्प्यानं त्या रात्री काहीच रंगवलं नाही. मला म्हणाला, "नाना, ज्याचा फोटोच न्हाई त्याला काढू कसा?"

मी म्हटलं, "आता तू थांब." पण थांबणं हे टप्प्याच्या शास्त्रात बसत नव्हतं. थांबवायला गणपती आला.

२०२५ च्या गणेशोत्सवात कॉलनीच्या मंडळाला मागचा पडदा हवा होता. अध्यक्ष दुकानात आले. चित्र किती टीएमसी झालंय ते त्यांनी विचारलं नाही, पडद्याचं माप सांगितलं: दहा बाय आठ फूट, परवा संध्याकाळपर्यंत. "झालंय तेवढं द्या. नायतर आम्ही हिमालय लावतो." हिमालयाचं नाव ऐकल्यावर टप्प्याचं सह्याद्रीचं रक्त खवळलं. तो हो म्हणाला.

आणि त्याच संध्याकाळी रिश्टरकाकांनी आणखी एक खडा टाकला. "धरणाचा फोटो काढायला मनाई आहे हे माहिती आहे ना? तू सहाच्या सहा वक्री दरवाजे नटबोल्टासकट काढलेस. उद्या कुणी विचारलं, एवढं बारीक कुठून बघितलं, तर काय सांगशील?" काका गंमत करत होते, पण गंमत करतानाही त्यांचा चेहरा यंत्रासमोर बसल्यासारखा असतो. टप्प्याचा घसा कोरडा पडला. उरलेल्या एका रात्रीत सहा दरवाजे पुसणं शक्य नव्हतं. तेव्हा त्यानं वडिलांना हाक मारली. वडील येऊन बघत राहिले. मग म्हणाले, "आषाढ म्हणतोस ना? मग आषाढात धरण दिसतं कधी आपल्याला?"

शेवटचा खडक उडाला तो असा. टप्प्यानं सगळ्यांच्या वर एक नवा लेयर घेतला, सर्वांत मोठा ब्रश घेतला आणि धुकं सोडलं. कुंभार्लीच्या घाटातून चढून येतं, शिवसागरावर आडवं पडतं आणि खिडकीतून घरात शिरून गाद्या ओल्या करतं, ते आमचं धुकं. सहा वर्षांत त्याचा हात इतका मोकळा कधी चालला नव्हता. दरवाजे गेले. बंधाऱ्यासारखं दिसणारं धरण पुन्हा अफाट झालं, कारण ते कुठं संपतं हे दिसेना. तिन्ही कोट विरघळले. मागं बांधलेले हात, केळ्याचे घड, बिनमालकाची सावली, वाकडी रेघ, सगळं पोटात गेलं. सात दिवसांचा दोराही गेला. ज्या नारायणाला तीनदा दाढी झाली होती तो मधोमध कुठंतरी होता. स्वच्छ दिसत होत्या फक्त चितळे मास्तरांच्या वहाणा, अगदी खाली, ओल्या दगडावर, टाचांना झिजलेल्या. पहाटे चार वाजता टप्प्यानं फाइल सेव्ह केली, आणि वीज गेली. आमच्याकडं जाते. महाराष्ट्राला उजेड देणाऱ्या गावाला तेवढी सूट असते.

कराडच्या फ्लेक्सवाल्यानं फाइल उघडली आणि विचारलं, "वाढदिवस कुणाचा?"

"कुणाचा न्हाई."

"मग श्रद्धांजली? धुकं हाय म्हणून विचारलं. खाली शुभेच्छुक कोण कोण टाकू?"

टप्प्यानं निक्षून नाही म्हटलं. तो चहाला गेला तेवढ्यात फ्लेक्सवाल्याला ती मोकळी जागा बघवेना. त्यानं सवयीनं उजव्या कोपऱ्यात एक सोनेरी चौकट टाकली आणि त्यात टप्प्याचाच पासपोर्ट फोटो, तोच निळसर कोट. सगळ्या चित्रात कोट दिसतो तो तेवढाच. छपाईत करड्याला जरा जांभळी झाक आली. पडद्यावरचे रंग आणि शाईचे रंग यांचं जमत नाही, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. पुतणीनं सांगितलं होतं, डायरीत लिहिलेलं आहे.

चतुर्थीच्या दिवशी पडदा लागला. गणपतीच्या मागं आषाढ उभा. मी मागच्या खुर्चीवर बसून होतो, आता शेरे सुरू होणार म्हणून. चहावाला आला, डोळे बारीक करून बघत म्हणाला, "आता बसलं बघा नारायणाचं पोट." रिश्टरकाका त्याच जागेकडं बोट दाखवून म्हणाले की काटकुळा केलास ते बरं झालं. बाईंना तो सावळा दिसला. कंडक्टरनं पिशवी शोधून काढली. पिशवी टप्प्यानं कधीच काढली नव्हती.

आरतीनंतर टप्प्याची बायको आली. प्रसादाचं ताट हातात, मुलगी कडेवर. तिनं नारायणाकडं पाहिलंच नाही. पार डावीकडं, वरच्या कोपऱ्यात, जिथं फक्त धुकं होतं तिथं ती बघत राहिली. ताट नवऱ्याच्या हातात दिलं.

"मामांना काढलंत होय," ती म्हणाली. "खुर्च्या उचलताना. बोलला नाहीत ते."

टप्प्याला खुलाशांची सवय. मी वाट बघत होतो, आता नामू परीट निघणार, 'तो' निघणार. त्यानं तोंड उघडलं, आणि ताटातला मोदक तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला दुकानात बोलावून घेतलं. शटर अर्धं ओढलं. फाइल उघडली, डावीकडचा वरचा कोपरा पडद्यावर आणला. शंभर टक्के. दोनशे. आठशे. आम्ही दोघं नाकं लावून बघत होतो. करडा रंग होता, त्यात थोडा जास्त करडा.

"नाना, इथं कुणी हाय का?"

बाहेर कुणीतरी शटर वाजवत होतं, उत्पन्नाचा दाखला हवा होता. टप्प्यानं चित्र लहान केलं. मग धुक्याच्या लेयरपुढच्या कुलपाच्या चिन्हावर बोट ठेवलं, कुलूप लागलं, आणि तो शटर उचलायला गेला.